बागेच्या मातीत भरड वाळू: कुठली घ्यावी, किती घालावी आणि कुठे घालूच नये

चिकणमातीच्या वाफ्यात पाणी साचतं अशी तक्रार कुणी केली, की हमखास सल्ला मिळतो: थोडी वाळू मिसळा. बरीच वर्षं मी कुंड्या, वाफे आणि कलमांचे ट्रे सांभाळते आहे, वाळू माझ्या रोजच्या वापरातली आहे, आणि तरीही हा सल्ला मी कुणाला देत नाही. जमिनीतल्या चिकणमातीत थोडी वाळू घातली तर बहुतेक वेळा माती आधीपेक्षा वाईट होते. वाळूचा खरा उपयोग कुंडीत, कलमांच्या ट्रेमध्ये, बियांवर पातळ थर द्यायला आणि मुद्दाम वाळूचाच बांधलेल्या वाफ्यात. तिथेही ती भरड हवी, धुतलेली हवी आणि दाणा शक्यतो एकसारखा हवा.

आधी जमिनीचं सांगते, कारण जास्तीत जास्त वाळू तिथेच वाया जाते.

मातीतले कण आकारावरून ओळखतात. २ मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे वाळू, त्याखाली ०.००२ मिलिमीटरपर्यंत पोयटा, आणि त्याहूनही बारीक ती चिकणमाती. १ मिलिमीटरचा वाळूचा दाणा चिकणमातीच्या सर्वांत मोठ्या कणाच्या पाचशेपट रुंद असतो. या तफावतीमुळे काय होतं ते घरीच पाहता येतं. दोन मग भरड वाळू घ्या आणि एक मग कोरडी, कुटून बारीक चाळलेली चिकणमाती घ्या. नीट मिसळा आणि परत मोजा. तीन मग भरत नाहीत, बरंच कमी भरतं. माती वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळ्यांत जाऊन बसलेली असते. ज्या पोकळ्यांतून पाणी उतरावं आणि हवा खेळावी म्हणून आपण वाळू आणली, त्याच बुजल्या.

वाळू कमी आणि माती जास्त असली तर प्रत्येक दाणा मातीत सुटा बुडून राहतो. दाण्याला दाणा टेकत नाही, त्यामुळे नवी पोकळी तयारच होत नाही. उलट जिथे आधी माती आणि तिच्यातली थोडीफार सच्छिद्रता होती, तिथे आता घट्ट दगडाचा कण येतो. असा वाफा वाळला की कुदळ मारली तरी उखळत नाही.

निचऱ्यात फरक पडावा इतकी वाळू घालायची तर ती एकूण मिश्रणाच्या निम्म्याच्या आसपास लागते, फारच चिकण जमीन असेल तर त्याहून जास्त. हिशोब करून पाहा. एक चौरस मीटर जागा आणि २० सेंटिमीटर खोली म्हणजे २०० लिटर. त्यातली निम्मी वाळू म्हणजे १०० लिटर. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे एका चौरस मीटरला दीडशे किलो. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असा साधा वाफा धरला तर साडेपाचशे किलोच्या वर वाळू लागेल. आणि एवढं करूनही वाफ्याच्या खाली आणि चारी बाजूंना मूळची चिकणमातीच असते. वाळू मिसळलेल्या भागात पाणी झटकन शिरतं, खाली जाऊन अडतं आणि तिथेच साचून राहतं. रोप लावायच्या खड्ड्यात वाळू टाकणाऱ्यांच्या झाडांची मुळं पहिल्या मोठ्या पावसात कुजतात, ती याच कारणाने.

वाळूआधी माती तपासा

आपली माती खरंच चिकण आहे का, हे आधी बघावं. मूठभर ओलसर माती मळून अंगठा आणि तर्जनीच्या मधून पट्टीसारखी पुढे सरकवा. पट्टी अडीच सेंटिमीटर व्हायच्या आत तुटत असेल तर त्या मातीला वाळूची गरज नाही. पाच सेंटिमीटरपर्यंत गेली तर माती मध्यम चिकण. त्याहून लांब पट्टी न तुटता निघाली तर ती खरी चिकणमाती.

निचरा वेगळा मोजावा, कारण चांगल्या मातीखालीही कठीण थर असू शकतो. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने बघा. अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरत असेल तर बहुतेक झाडांना ते मानवतं. अडीचपेक्षा कमी असेल तर उपाय हवा, आणि तो उपाय म्हणजे कुजलेलं खत आणि उंच वाफा. पाच सेंटिमीटर जाडीचा चांगल्या कुजलेल्या शेणखताचा किंवा पालापाचोळ्याच्या खताचा थर पसरून वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळा आणि वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच ठेवा. सेंद्रिय पदार्थामुळे चिकणमातीचे कण एकत्र येऊन त्यांची रवाळ ढेकळं बनतात आणि त्या ढेकळांच्या मधून पाणी जातं. खत दरवर्षी विरत जातं, म्हणून दरवर्षी दोन-तीन सेंटिमीटर नवं घालावं लागतं. खणायचं ते वाफसा आल्यावरच. ओल्या चिकणमातीत एकदा कुदळ चालवली की तिचा पोत पूर्ण मोसमभर सुधारत नाही. जिप्समचंही अनेकजण सुचवतात, पण त्याचा गुण येतो तो सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत. साध्या चिकणमातीला त्याने फारसं काही होत नाही.

आता वाळूकडे वळू.

दाणा कसा हवा

बागेसाठी मला ०.५ ते २ मिलिमीटरचा दाणा हवा असतो, आणि कुंडीसाठी त्यातलाही वरचा, म्हणजे १ ते २ मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाळू कुंडीत गेली की ती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खताच्या मधल्या जागा भरून टाकते, आणि मिश्रण वाळूशिवाय जितकं मोकळं होतं तितकंही उरत नाही. गिलाव्याची वाळू म्हणूनच बागेत नको. भिंत गुळगुळीत करायला ती चाळून बारीक केलेली असते.

आकाराइतकाच एकसारखेपणा महत्त्वाचा. मोठे, मध्यम आणि बारीक दाणे एकत्र असलेली वाळू काँक्रीटला उत्तम, कारण मोठ्यांच्या मधल्या फटी मध्यम दाणे भरतात आणि मध्यमांच्या फटी बारीक दाणे. बांधकामाला तेच हवं असतं, मुळांना तेच नको असतं. गोल्फच्या हिरवळी बांधण्यासाठी अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने १९६० मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात आज असा दंडक आहे की मुळांच्या थरातल्या मिश्रणाचे निदान ६० टक्के कण ०.२५ ते १ मिलिमीटरमध्ये बसले पाहिजेत आणि २ मिलिमीटरहून मोठे, अगदी बारीक, अशा दोन्ही टोकांच्या कणांना कडक मर्यादा आहे. त्या हिरवळीवर लोक रोज चालतात, तरी पाणी खाली उतरत राहतं. त्यामागे वाळूचं हे मोजमाप आहे.

वाळू कुठली, हाही प्रश्न येतो. नदीची वाळू गोलसर असते, मिसळायला सोपी जाते, पण तिच्यात गाळ बराच असू शकतो. दगड फोडून केलेल्या वाळूचे, म्हणजे क्रश सँडचे, दाणे कोनाकोपऱ्यांचे असतात आणि सोबत दगडाची भुकटी येते. ती भुकटी धुऊन काढली तर ही वाळू कुंडीला आणि कलमांना छान चालते; कोनदार दाण्यांत फांदी हलत नाही. मी आता शक्यतो हीच वापरते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालात जगाचा वाळू आणि खडीचा वापर वर्षाला सुमारे ५० अब्ज टन दिला आहे. नद्यांची पात्रं त्यात खरवडली जात आहेत. पात्रातली वाळू पाणी धरते, मुरवते, काठ सांभाळते. कुंडीतल्या झाडासाठी नदी उकरावी असं मला वाटत नाही, विशेषतः दगडाची वाळू धुऊन तेच काम होत असताना. जलशुद्धीकरणाच्या गाळणीत वापरतात ती सिलिका वाळूही उत्तम असते, कारण ती आधीच चाळलेली, धुतलेली आणि एका मापाची असते. मात्र दाण्याचं माप पिशवीवर बघून घ्यावं.

समुद्राची वाळू घेऊ नये. मीठ धुऊन निघेल, पण शिंपल्यांचा चुरा निघत नाही, आणि तो चुना मातीत हळूहळू विरघळत राहतो. वाळवंटातली वाऱ्याने वाहिलेली वाळूही बहुधा फार बारीक असते.

घेण्याआधी चार खात्र्या

ओलसर वाळू मुठीत दाबून मूठ उघडा. तिचा घट्ट लाडू वळला आणि बोटाने टोचला तरी टिकला, तर तिच्यात बारीक माल किंवा माती जास्त आहे. चांगली भरड वाळू मूठ उघडताच ढासळते आणि तळव्यावर डाग ठेवत नाही.

मग बाटली. सरळ बाजूंची पारदर्शक बाटली घ्या, निम्मी वाळूने आणि वर पाण्याने भरा, जोरात हलवा आणि तासभर हलवू नका. वाळू मिनिटभरात तळाशी बसते. तिच्यावर बसणारा मऊ थर म्हणजे गाळ. वाळूचा थर दहा सेंटिमीटर असेल आणि गाळ तीन-चार मिलिमीटरच्या आत असेल तर मी ती वाळू घेते. त्याहून थोडा जास्त असेल तर घेऊन धुते. बोटभर गाळ दिसला तर ती वाळू तिथेच सोडून द्यावी, कारण ती धुण्यातच निम्मी जाईल.

चुना बघायला व्हिनेगरचे चार थेंब पुरतात. फसफसलं तर शिंपले किंवा चुनखडी आहे. निवडुंगांपैकी अनेकांना त्याचं काही वाटत नाही, पण अनंत, एक्झोरा, अझालिया यांच्यासाठी अशी वाळू नको. माती विम्लधर्मी (अल्कलाइन) झाली की त्यांना लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या उरतात. मग लोक खत वाढवत बसतात आणि दोष वाळूत असतो.

खारटपणाची शंका असेल तर वाळूच्या दुप्पट स्वच्छ पाणी घालून रात्रभर ठेवा आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने आधीच्या आणि नंतरच्या पाण्याचा आकडा ताडून पाहा. मीटर नसेल तर थोड्या वाळूत पटकन उगवणारं बी पेरा आणि तेच बी ओल्या कागदावरही ठेवा. कागदावर उगवलं आणि वाळूत नाही, तर वाळू संशयास्पद.

चाळणं आणि धुणं

दोन चाळण्या लागतात. एक तीन-चार मिलिमीटर छिद्राची, खडे काढायला. दुसरी अर्धा ते एक मिलिमीटरची, बारीक माल काढायला. चाळणीचं माप माहीत नसेल तर जाळीवर पट्टी ठेवून एका सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते मोजा. दहा बसली तर तारेची जाडी वजा जाता छिद्र एक मिलिमीटरहून थोडं लहान आहे. खिडकीला लावायची डासांची जाळी चौकटीवर ताणून बसवली तरी काम भागतं. तिचं छिद्र साधारण एक मिलिमीटरच्या थोडं वर असतं आणि कुंडीच्या वाळूसाठी तेवढंच पाहिजे.

वाळू कोरडी चाळू नका, हे मी आग्रहाने सांगते. तिच्यातून उडणारी सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात खोल जाते आणि तिथेच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. रोज दगड फोडणाऱ्यांना धोका मोठा, वर्षातून एकदा चाळणाऱ्याला कमी, पण टाळता येतो तर टाळावाच. कोरडं चाळावंच लागलं तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून आणि कणांसाठीचा चांगला मास्क लावून.

सोपी रीत म्हणजे पाण्यात चाळणं. टबात पाणी घ्या, चाळणीत दोन ओंजळी वाळू घ्या, चाळणी पाण्यात अर्धी बुडवून गोल हलवा. बारीक माल आणि गाळ खाली जातो, भरड दाणा चाळणीत राहतो, धूळ उडत नाही आणि धुणंही त्यातच होतं. शेवटी सगळी वाळू बादलीत घेऊन पाणी सोडा, हाताने तळापासून ढवळा, क्षणभर थांबा आणि गढूळ पाणी ओतून द्या. पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत हे करायचं. गढूळ पाणी मोरीत ओतू नका, गाळ बसून पाईप तुंबतो. ते झाडांच्या आळ्यात किंवा मोकळ्या मातीवर जाऊ द्या.

कशात किती

कलमांसाठी निव्वळ वाळू चालते. तिच्यात अन्न नसतं, पण मुळं फुटेपर्यंत फांदीला ते लागतही नाही. हवा, ओल आणि आधार लागतो. मात्र निव्वळ वाळूत काही झाडांची मुळं लांब, फारशी न फुटलेली आणि ठिसूळ येतात आणि काढताना मोडतात. म्हणून मी निम्मी वाळू आणि निम्मं कोकोपीट घेते आणि मुळं चांगली धरली की फार न थांबता रोप कुंडीत हलवते. काढताना फांदी ओढायची नाही. ट्रे पाण्याने भिजवून खालून चमच्याने उचलायचं.

निवडुंग, अडेनियम आणि मांसल पानांच्या झाडांना एक भाग चांगलं कुजलेलं खत किंवा मातीचं मिश्रण, एक भाग १ ते २ मिलिमीटरची वाळू आणि एक भाग तीन-चार मिलिमीटरचा प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) किंवा बारीक खडी. पाऊस थेट पडत असेल तर खताचा भाग निम्मा करावा.

साध्या कुंडीसाठी एक जुनं प्रमाण अजूनही उपयोगी आहे. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत १९३० च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी कुंडीसाठी सात भाग चांगली माती, तीन भाग पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि दोन भाग भरड वाळू असं मिश्रण ठरवलं, तर बियांसाठी दोन भाग माती, एक भाग पीट, एक भाग वाळू. सगळी मापं आकारमानाने. पीटच्या जागी कोकोपीट घेतलं तरी निभावतं. यातली माती मुळातच भुसभुशीत पोयट्याची धरलेली आहे, हे विसरू नये. त्या जागी चिकणमाती घेतली तर दोन भाग वाळू पुरत नाही.

गच्चीवरच्या कुंड्यांत वाळू हात राखून घालावी. दहा लिटरच्या कुंडीत एक तृतीयांश वाळू घातली तर पाच किलो वजन वाढतं. त्याच जागी परलाइट (तापवून फुलवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके पांढरे दाणे) घेतलं तर अर्धा किलोही वाढत नाही. पण उंच झाड प्लास्टिकच्या कुंडीत असेल आणि वाऱ्याने लवंडत असेल, तर हेच वजन कामाला येतं.

बारीक बी पेरल्यावर वर पातळसा वाळूचा थर द्यावा. वरचा पृष्ठभाग लवकर सुकतो, रोपांच्या मानेजवळ ओल राहत नाही आणि कोवळी रोपं कोलमडण्याचं प्रमाण कमी होतं. हिरवळीवर पसरायची तर एका वेळी तीन ते सहा मिलिमीटर, आणि दरवेळी त्याच दाण्याची. एक थर बारीक आणि एक भरड असं झालं की मुळं आणि पाणी दोन्ही थराच्या सीमेवर अडतात.

कुंडीच्या तळाशी मात्र वाळू किंवा खडीचा थर अजिबात देऊ नये. बारीक पोकळ्यांमधलं पाणी केशाकर्षणाने तिथेच धरून राहतं आणि वरचा थर पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. एरवी कुंडीच्या अगदी तळाशी राहिलेला चिखलाचा पट्टा खडीच्या थरामुळे तेवढाच वर सरकतो, म्हणजे मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवावा आणि तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरावं.

नंतरची काळजी

वाळूचा दाणा अन्न धरून ठेवत नाही. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या खताच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्याला अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम चिकटून राहतात आणि मुळांना हळूहळू मिळतात. वाळूवर तो भार नगण्य असतो. म्हणून वाळूचं प्रमाण जास्त असलेल्या कुंडीला एकदाच भरपूर खत देण्यात अर्थ नाही, पाण्याबरोबर ते खालच्या भोकातून निघून जातं. थोडं थोडं, पण वरचेवर द्यावं. पाण्याचंही तसंच. वरचा थर कोरडा दिसला तरी बोट दोन पेरं आत घालून बघावं, कारण भरड वाळू वरून फार लवकर सुकते आणि आत ओल असते.

उरलेली वाळू झाकून ठेवावी. उघड्या ढिगावर मांजरं घाण करतात आणि तणाचं बी येऊन पडतं. कलमांच्या ट्रेमधली जुनी वाळू फेकू नका. मुळांचे तुकडे आणि कोकोपीट पाण्यात तरंगवून काढा, वाळू धुवा, धातूच्या घमेल्यात पसरून तिच्यावर उकळतं पाणी पूर्ण भिजेल इतकं ओता, निथळू द्या आणि कडक उन्हात वाळवा. ज्या ट्रेमध्ये कलमं कुजली होती, तिथली वाळू मात्र पुन्हा कलमांना न वापरता मोठ्या झाडांच्या कुंड्यांत घाला.